मालक नसलेली मनाई

झाकण बसत नव्हतं.

तळेगावच्या आमच्या कारखान्यात शेतातला पंप फोनवरून चालू-बंद करायचा डबा तयार होतो. गावाकडे त्याला मोबाइल स्टार्टर म्हणतात. डब्याचं प्लास्टिकचं अंग आणि झाकण यांचं डिझाइन माझ्याकडे असतं. आतला हिरवा सर्किट बोर्ड लोणावळ्यात राहणाऱ्या एक मॅडम घरून करून देतात. त्या कंपनीच्या नोकरीत नाहीत, कामापुरता करार असतो. नव्या डब्याचे पहिले नमुने त्या सकाळी आले. मी बोर्ड आत ठेवला, स्क्रूची भोकं छान जुळली, वर झाकण ठेवलं, आणि ते मधोमध फुगून राहिलं. जरा दाबलं तर आतून करकर ऐकू आली. मी हात मागे घेतला.

झाकणाच्या आतल्या बाजूने एक छोटा खांब खाली येतो आणि बोर्डावर टेकतो. बरोबर त्याच्याखाली एक कपॅसिटर उभा होता. करंगळीच्या पेराएवढा, काळा, गोल. तिथे काहीच असायला नको होतं. ती जागा मी स्वतः आखून दिली होती.

त्या दिवशी ते झाकण मी किती वेळा काढलं आणि ठेवलं ते सांगता येणार नाही. शेजारच्या टेबलावरचा सहकारी शेवटी म्हणाला, "सर, ठेवा आता. दाबून दाबून बसणार आहे का ते?"

आमच्या कामात दोन सॉफ्टवेअर असतात. मॅडमचं वेगळं, माझं वेगळं, आणि दोघांना एकमेकांची भाषा कळत नाही. त्यामुळे मध्ये एक फाइल ये-जा करते. तिच्यात बोर्डाचा आकार असतो, जाडी असते, भोकं असतात, आणि काही जागा आखलेल्या असतात: इथे भाग ठेवायचा नाही, इथून तार न्यायची नाही, इथे एवढ्यापेक्षा उंच काही नको. ऑफिसात सगळे त्याला कीपआउट म्हणतात. मॅडम आणि मी फोनवर मनाई म्हणायचो. त्यांनीच सुरू केलं होतं. "तुमच्याकडून आज किती मनाया आल्यात सर? माझ्या सासरी पण एवढ्या नव्हत्या."

अशा प्रत्येक जागेला फाइलमध्ये मालक लिहायचा असतो. मालक डबेवाला, म्हणजे मी, असं लिहिलं तर ती जागा मॅडमच्या पडद्यावर कुलूप लावून येते. त्यांना ती पाहता येते, हलवता येत नाही. मालक त्या असतील तर उलटं. आणि तिसरा एक पर्याय असतो: कुणीच नाही. मग दोघांपैकी कुणीही ती सरकवावी, लहान करावी, पुसून टाकावी.

नियमाप्रमाणे माझ्या जागांवर माझं नाव हवं. पण तसं केलं की केसभर बदलासाठी फाइल माझ्याकडे यायची, मी सोडवून परत पाठवायची, त्यात दिवस जायचा. म्हणून काही वर्षांपूर्वी मीच मॅडमना म्हटलं, आपण मालकी रिकामी ठेवू. तुम्हाला काही हलवायचं असेल तर मला एक फोन करा, बस. त्या म्हणाल्या, "बघा हं." मला वाटलं, होकार आहे. तेव्हापासून माझ्या सगळ्या मनाया मालकाशिवाय जात होत्या. आमच्या विभागाच्या साहेबांना हे माहीत नव्हतं. मला त्यात काही गैर वाटत नव्हतं, उलट आमचा एकमेकांवर किती विश्वास आहे याचं मनातून कौतुकच होतं.

तर त्या खांबाच्या जागेसाठीही मॅडमचा फोन आला होता. नियम त्यांनी पाळला होता.

त्या वेळी मी वडगावला, निबंधक कार्यालयाच्या बाहेरच्या बाकावर होतो. आमची वडिवळ्याला धरणाच्या खालच्या अंगाला भातशेती आहे. वडील गेल्यावर सात-बाऱ्यावर आम्हा भावांबरोबर थोरल्या बहिणीचं, आक्काचंही नाव लागलं होतं, आणि त्या दिवशी ती हक्कसोडपत्रावर अंगठा द्यायला, सही करायला आली होती. सर्व्हर बंद पडला होता. सकाळपासून बाकावर बसून आम्ही तेच तेच ऐकत होतो. कुणाच्या बहिणीने सोडलं, कुणाची सोडायला तयार नाही, कुणाच्या आत्याने निम्मं सोडलं. आक्का माझ्या शेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मी तिला आदल्या आठवड्यात एवढंच म्हटलं होतं की, आता तुला तिकडे काही कमी नाही, सोडून दे. ती काही बोलली नव्हती, आणि ठरल्या दिवशी आली होती.

तेवढ्यात आत आमच्या नावाचा पुकारा झाला आणि त्याच क्षणी फोन वाजला.

मॅडमनी विचारलं, "सर, त्या मधल्या खांबाच्या जागेचं काय करू?"

प्रश्न बरोबर होता. झाकण जाड करून खांब काढून टाकावा का, यावर आमचं बोलणं अर्धवट राहिलं होतं. खांब राहणार असेल तर जागा रिकामी हवी. खांब जाणार असेल तर मनाईच नको. मी ठरवलेलं नव्हतं. मी म्हणालो, "सोडा हो ती," आणि फोन ठेवला.

आता हे मराठीत कसं ऐकायचं? जागा सोडा म्हणजे ती मोकळी ठेवा. जागा सोडा म्हणजे तिचा नाद सोडा, जाऊ द्या. मॅडमनी दुसरा अर्थ घेतला, मनाई पुसली आणि कपॅसिटर तिथे नेला. त्यांच्याकडूनही एक गोष्ट राहिली. तो कपॅसिटर नवा होता, त्याची उंची त्यांच्या यादीत भरायची राहून गेली. त्यामुळे त्यांची फाइल माझ्याकडे आली तेव्हा माझ्या पडद्यावर तो कागदाच्या टिकलीसारखा चपटा दिसला. मी भोकं जुळतात का पाहिलं आणि ठीक आहे म्हणून कळवलं. पुसलेली मनाई दिसत नाही. नसलेली गोष्ट पडद्यावर दिसणार कशी?

झाकणाचं कळताच मी मॅडमना फोन केला. झाकण का बसत नाही ते सांगितलं.

"तुम्ही सोडा म्हणालात," त्या म्हणाल्या.

"म्हणालो. पण मला म्हणायचं होतं..." आणि मी अडलो. मला काय म्हणायचं होतं? मला आठवेना. खरंच आठवेना. बाक आठवत होता, शिपायाचा आवाज आठवत होता. अर्थ आठवत नव्हता.

"असू द्या सर," त्या म्हणाल्या. "उंची भरायची राहिली ती माझीच चूक आहे. साहेबांना मी तेवढंच सांगेन."

"आणि फोनचं?"

"फोनचं कशाला? ते काढलं तर मालकी का रिकामी होती तेही निघेल."

साहेबांची बैठक पुढच्या आठवड्यात होती. मॅडमचा करार त्याच महिन्यात संपत होता. पुण्यातल्या एका कंपनीकडून सगळेच बोर्ड करून घ्यावेत असं साहेबांच्या मनात आधीपासून होतं, आणि आता त्यांच्या हातात फुगलेलं झाकण आलं होतं. मॅडमच्या घरी सासऱ्यांचं आजारपण, लोणावळ्याबाहेर रोज जाऊन नोकरी करणं त्यांना जमणारं नव्हतं. आमचं काम गेलं तर दुसरं कोणतं येईल याची काही खात्री नव्हती. हे सगळं मला माहीत होतं.

ते दिवस वाईट गेले. जेवायला बसलो की उठायचो. सोसायटीच्या गच्चीवर चकरा मारायचो. बायकोने विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" मी म्हणालो, झाकणाचं चाललंय. ती म्हणाली, "झाकणाचं कसलं टेन्शन? रबर जाड लावा." मी हसलोसुद्धा नाही, आणि मग तिलाच वाईट वाटलं.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. मी मोकळी ठेवा या अर्थाने बोललो असेन तर मॅडमनी चुकीचं ऐकलं. जाऊ द्या या अर्थाने बोललो असेन तर मी त्यांना चुकीचं सांगितलं. पहिलं खरं असेल तर मी गप्प बसणं समजण्यासारखं होतं. दुसरं खरं असेल तर गप्प बसणं म्हणजे त्यांना ढकलून देणं होतं. मी रोज बाजू बदलत होतो. सकाळी एक खरं वाटायचं, संध्याकाळी दुसरं. आणि मला हेही दिसत होतं की, जे मला सोयीचं तेच मी जास्त वेळा आठवतोय.

तो फोन ऐकणारं तिसरं माणूस एकच होतं.

रविवारी मी गाडी काढली आणि कामशेतच्या पलीकडे आक्काच्या गावाला गेलो. ती अंगणात शेवग्याच्या शेंगा सोलत बसली होती.

"आज कुटं वाट चुकला?" ती म्हणाली. "अजून कागूद ऱ्हायलाय का काय सही करायचा?"

"नाही गं. सहज आलो."

"सहज तू कवाच येत न्हाईस. बस. चा टाकते."

चहा झाला. मी इकडचं तिकडचं बोललो आणि मग विचारलं. वडगावला आपण बाकावर होतो, मला फोन आला होता, मी काय बोललो ते आठवतं का?

"व्हय. सोडा म्हणलास."

"ते गं मला माहितीये. कसं म्हणालो?"

"कसं म्हंजी?"

"म्हणजे, मोकळी ठेवा असं म्हणाल्यासारखं, की जाऊ द्या असं म्हणाल्यासारखं?"

तिने शेंग खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. मग मान जराशी बाजूला वळवून, हाताने माशी हाकलावी तसं करून ती म्हणाली, "सोडा हो ती." इतकं हुबेहूब की तिची सून आतून डोकावली.

"असं म्हणलास," आक्का म्हणाली. "मला म्हणलास ना, तिकडं काय कमी हाय, सोडून दे, आक्षी तसंच. मला वाटलं, हितं आनखी एक बहीण हाय ह्याला."

सून हसली. आक्काही हसली. मला तिथे बसवेना. उठून मी अंगणाच्या कडेपर्यंत गेलो, परत आलो. आक्का म्हणाली, "आरं, लय मनाला लावून घिऊ नगं. मी चेष्टा केली." पण तिने ती पूर्ण चेष्टा केली नव्हती, आणि तिला माहीत होतं की मला ते कळलंय. जमिनीविषयी मी तिला त्या दिवशी काही बोलू शकलो नाही. ते बोलणं अजून बाकी आहे. पण फोनचा निकाल लागला होता. मी जाऊ द्या असंच म्हणालो होतो. नुसत्या त्या जागेलाच नाही, मला त्या क्षणी सगळ्यालाच जाऊ द्या म्हणायचं होतं.

बैठकीत साहेब, खरेदी विभागाचे एक गृहस्थ आणि मी होतो. मॅडम लोणावळ्याहून फोनच्या स्पीकरवर होत्या. पावसाचा आवाज येत होता. साहेबांनी झाकण टेबलावर ठेवलं, बोटाने टकटक केलं आणि म्हणाले, "मॅडम, आमच्या बॉसच्या डोक्यावर तुम्ही कपॅसिटर बसवलात." आमच्या धंद्यात त्या खांबाला बॉसच म्हणतात. खरेदीवाले हसले.

मॅडम म्हणाल्या, "नव्या भागाची उंची भरायची राहिली. ती माझी चूक आहे."

"उंची राहिली ते समजलं. पण मनाईची जागा पुसली कुणी?"

मॅडम काही बोलायच्या आत मी बोललो. मी सांगितलं की त्यांनी मला फोन करून विचारलं होतं. मी काढा म्हणालो. शब्द वेगळा होता, पण अर्थ तोच होता. मालकी माझ्या सांगण्यावरून आम्ही नेहमी रिकामी ठेवतो. आणि त्यांची फाइल आली तेव्हा मनाई जागेवर आहे का हे मी पाहिलं नाही.

हे बोलताना मला इतकं हलकं वाटलं की मी थोडं जास्तच बोललो. वडगावचा बाक, पुकारा, सगळं सांगितलं. साहेब हात वर करून म्हणाले, "पुरे. कीर्तन नको."

मग त्यांनी स्पीकरकडे वळून विचारलं, "म्हणजे मॅडम, लॉक नसलेली जागा तुम्ही तोंडी सांगण्यावर पुसता? प्रत्येक वेळी?"

मला वाटलं होतं की मी खरं बोललो की तो प्रश्न संपेल. तो तिथून सुरू झाला. कुठल्या कुठल्या बोर्डावर असं केलंय, त्याची नोंद आहे का, मग जुन्या डब्यांचं काय. मॅडम एकेकाला शांतपणे उत्तर देत होत्या. मी मध्ये बोलायला गेलो की साहेब म्हणायचे, "तुमचं झालं ना सांगून?" शेवटी ठरलं की हा बोर्ड त्यांनीच दुरुस्त करून द्यावा. पुढच्या कराराचं नंतर बघू.

बैठक संपल्यावर मी फोन केला. त्यांनी उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी नमुन्याचा डबा पिशवीत घालून जुन्या हायवेने लोणावळ्याला गेलो. इतकी वर्षं बरोबर काम करून मी त्यांच्या घरी कधी गेलो नव्हतो. धुक्यात गल्ली सापडेना, दोनदा विचारावं लागलं. दार त्यांनीच उघडलं. त्यांना आश्चर्य वाटलं असावं, पण त्या म्हणाल्या, "या. चपला आत घ्या, भिजतील."

बाहेरच्या खोलीत सासरे पलंगावर होते. त्यांनी विचारलं, "कोण आलंय?"

"तळेगावचे सर, नाना. मनायावाले."

"बसा, बसा," ते म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

मी माफी मागायला सुरुवात केली. मॅडमनी थोडी ऐकून घेतली, पण पूर्ण होऊ दिली नाही.

"तुम्ही खरं बोललात. चांगलं केलंत. पण आदल्या दिवशी मला एक फोन का नाही केलात? मी साहेबांना काय सांगायचं ते ठरवलं होतं. तुमचं मन मोकळं झालं आणि मी तासभर उत्तरं देत बसले."

"मला वाटलं, तुमच्यावरचं ओझं..."

"तुमच्यावरचं उतरलं, सर."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. त्या उठून गॅस बंद करून आल्या.

"आणखी एक सांगते, आता निघालंच आहे तर. ती मालकी रिकामी ठेवायची पद्धत मला कधीच आवडली नव्हती."

"पण तुम्ही म्हणाला होतात..."

"मी बघा हं म्हणाले होते. म्हणजे नको. तुम्हाला तो विश्वास वाटायचा. मला काय दिसायचं सांगू? जागेवर कुणाचंच नाव नाही, म्हणजे काही बिघडलं तर शेवटचा हात ज्याचा लागला त्याची ती. आणि शेवटचा हात नेहमी माझा. जागा तुमची, खांब तुमचा, आणि जबाबदारी फिरतीवर."

मी इतकी वर्षं ज्याचं मनातल्या मनात कौतुक करत होतो ते त्यांनी असं टेबलावर ठेवलं. चिडून नाही. भाजीचे भाव सांगावेत तसं.

"साहेबांचा सकाळी फोन आला होता," त्या म्हणाल्या. "करार पुढे चालू ठेवायला तयार आहेत. मी अजून हो म्हटलेलं नाही. तुमच्याबरोबर पुन्हा करायचं की नाही तेच ठरत नव्हतं. करायचं तर माझी एक अट आहे. तुमच्या प्रत्येक मनाईवर तुमचं नाव लागलं पाहिजे. मला हलवायची असेल तर मी लेखी मागेन आणि तुम्ही लेखी उत्तर द्याल. दिवस गेला तर जाऊ द्या."

"मान्य आहे."

"लगेच मान्य नका करू. तुम्ही लगेच म्हणता तेच मला नकोय." त्यांनी माझ्या पिशवीतला डबा काढला, झाकण उलटं केलं आणि खांबावर बोट ठेवलं. "हा इथेच का हवा? अर्धा इंच डावीकडे का नाही?"

मी म्हणालो, "बघून कळवतो."

"आत्ता बघा. मी थांबते."

त्यांनी टेबलावरची औषधं बाजूला सारली आणि लॅपटॉपला जागा करून दिली. मी झाकणाचं चित्र उघडलं. पहिल्यांदा मलाही सांगता येईना. खांब आधीच्या डब्यात तिथे होता म्हणून याही डब्यात आला होता, एवढंच खरं होतं. मी तसं म्हणालो. त्या थांबून राहिल्या. मग मी झाकण हातात घेऊन अंगठ्याने दाबत दाबत बघत गेलो, आणि जिथे ते सगळ्यात जास्त वाकतं ती जागा सापडली. खांब तिथून थोडा उजवीकडेच होता. आमच्या वडिवळ्याच्या पंपाच्या खोलीत लोक फवारणीचा पंप भिंतीवरच्या डब्याला टेकवून ठेवतात. झाकण आत दबलं की कडेचं रबर सुटतं आणि मुंग्या आत शिरतात. एकदा मुंग्या आत गेल्या की बोर्ड कामातून जातो. हे मला माहीत होतं, पाहिलेलं होतं. पण खांबाची जागा ठरवताना मी ते कधी कामी आणलं नव्हतं, आणि मॅडमना तर कधीच सांगितलं नव्हतं.

"म्हणजे खांब डावीकडेच हवा," त्या म्हणाल्या.

"हो. माझाच चुकीच्या जागी आहे."

"आणि डावीकडे गेला तर माझा कपॅसिटर आहे तिथे राहतो का?"

मोजून पाहिलं. राहत नव्हता. थोडक्यासाठी राहत नव्हता. आम्ही दोघंही पडद्याकडे बघत बसलो. मग त्या म्हणाल्या, "तो मी हलवते. जागा तुम्ही आखा."

मी नवी जागा आखली. मालकाच्या रकान्यात माझी बाजू निवडली. खाली शेरा लिहायला एक ओळ असते, ती मी आजवर कधी भरली नव्हती. तिथे मुंग्यांचं लिहायला घेतलं. मॅडम खांद्यामागून वाचत होत्या.

"फवारणीचा पंप पण लिहा," त्या म्हणाल्या. "नाहीतर पुढच्या माणसाला वाटेल, मुंग्या झाकण दाबतात."

पलंगावरून सासऱ्यांनी विचारलं, "जेवून जाणार का हे?"

"आधी ओळ पूर्ण होऊ द्या, नाना," मॅडम म्हणाल्या.